आग फ्लॅपला, बंब ट्रिमला

हात सुटला की विमान काय करतं ते बघायची मला खोडच लागलीये. सरळ चाललेलं असताना स्टिक दोन बोटांत धरायची, मग एक बोट काढायचं, मग दुसरं, आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. नाक वर जातंय, खाली जातंय, की आहे तिथंच आहे. कारखान्यातून तयार आलेल्या विमानात हे करताना काही वाटत नाही, पण किट आणून स्वतः जोडलेल्या विमानात जरा धाकधूक असतेच, कारण त्यातला प्रत्येक रिव्हेट कोणी मारलाय हे आपल्याला माहीत असतं आणि रविवारी दुपारी त्या बाईचं लक्ष कुठं असतं हेही माहीत असतं.

एक चूक मी जवळपास ४० तास सोबत घेऊन उडत होते, तिची ही गोष्ट. पण त्याआधी ट्रिम म्हणजे काय ते सांगावं लागेल, नाहीतर चूक कळायची नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ट्रिम नीट कळला तो त्या चुकीनंतरच.

नवीन शिकणाऱ्याला वाटतं ट्रिम म्हणजे नाक वर-खाली करायचं बटण. मीही तसंच वापरायचे, नाक खाली वाटलं की दाब बटण, वर गेलं की दाब उलटं, मग विमान पाच-पाच मिनिटं झोपाळ्यावर बसल्यासारखं. खरा क्रम वेगळा आहे. आधी स्टिकने नाक हवं तिथं न्यायचं, पॉवर हवी ती लावायची, वेग स्थिर होईपर्यंत थांबायचं (हे थांबणंच कोणाला जमत नाही) आणि मग हातावर जो दाब उरलाय तेवढाच ट्रिमने काढून टाकायचा. विमान उडवायचं आपणच, ट्रिम फक्त हातातलं ओझं उतरवून घेतो. आणि तो उंची धरत नाही, वेग धरतो, हे डोक्यात बसायला मला फार वेळ लागला. ९० नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ट्रिम करून हात सोडा आणि पॉवर वाढवा, विमान जोरात पळायचं सोडून चढायला लागेल, साधारण ९० च्याच आसपास. पॉवर काढा, ९० च्या आसपास राहूनच उतरायला लागेल. थोडं इकडेतिकडे होतं, प्रोपेलरची हवा शेपटीवर येते, थ्रस्टची, म्हणजे प्रोपेलरच्या ओढीची, रेष कुठून जाते त्यावरही आहे, पण गाभा हाच.

हे होतं कसं, तर शेपटीच्या आडव्या पात्याचा मागचा वरखाली हलणारा भाग म्हणजे एलिव्हेटर, आणि त्याच्या मागच्या कडेला एक चिंचोळी पट्टी असते, तो ट्रिम टॅब. नाक वर हवं असेल तर टॅब खाली जातो. पहिल्यांदा ऐकलं की उलटंच वाटतं. टॅब खाली गेला की हवा त्याला वर ढकलते, त्याच्याबरोबर अख्खा एलिव्हेटर वर उचलला जातो, एलिव्हेटर वर गेला की शेपूट खाली दबते आणि नाक वर येतं. एवढीशी पट्टी एवढ्या मोठ्या पात्याला नाचवते. अशा टॅबला जुनी मंडळी फ्लेटनर टॅब म्हणतात, आंतोन फ्लेटनर या जर्मन इंजिनियरच्या नावावरून, तोच तो, ज्याने शिडांच्या जागी फिरते उभे खांब लावून जहाज चालवून दाखवलं होतं. असो, माणूस अफाट होता, पण तो विषय वेगळा.

सगळ्या किट विमानांत हे असंच असतं असंही नाही. काहींत टॅबच नसतो, एलिव्हेटरच्या दांडीला स्प्रिंगा लावलेल्या असतात आणि ट्रिमचा लिव्हर त्या स्प्रिंगा ताणतो, साधं काम, फक्त वेग बदलला की हातातला फरक वेगळ्याच पद्धतीने जाणवतो. आरव्ही-१२ सारख्या विमानात मागचं अख्खं आडवं पातं हलतं आणि त्याच्या मागच्या कडेचा टॅब पात्याच्याच दिशेने जास्त हलतो, म्हणजे स्टिक मुद्दाम जड करतो, आणि ट्रिमचं कामही तोच करतो. माझ्याकडे आपला साधा टॅब आणि त्याला हलवणारा छोटा इलेक्ट्रिक सर्व्हो.

या सर्व्होला पाच तारा असतात. दोन पांढऱ्या, त्या मोटरच्या, आणि नारिंगी, हिरवी, निळी या तीन पॅनेलवरच्या इंडिकेटरच्या. दोन्ही पांढऱ्या अगदी जुळ्या बहिणी, कुठली कुठं लावायची हे लिहिलेलंच नसतं, कारण उलट्या लावल्या तर काही जळत नाही, मोटर फक्त उलटी फिरते. त्या ‘फक्त’मध्ये जीव जाऊ शकतो. २००३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हायॅनिसहून निघालेलं बीचक्राफ्ट १९००डी उडाल्याउडाल्या समुद्रात पडलं आणि दोघेही पायलट गेले. आधीच्या मेंटेनन्समध्ये एलिव्हेटर ट्रिमची केबल बदलताना ती उलटी बसली होती आणि नंतर ट्रिम चालतो कसा ते कोणी नीट तपासलं नव्हतं. पगारी, शिकलेल्या लोकांच्या हातून हे होतं, तर गॅरेजमध्ये बसून वायरी जोडणाऱ्यांनी काय समजायचं ते समजावं. मी दर वेळी ‘नाक वर’ दाबते, खाली उतरते, शेपटीपाशी जाते आणि टॅब खरंच खाली गेलाय का ते डोळ्यांनी बघते. इंडिकेटरवर विश्वास ठेवत नाही, इंडिकेटरच्या तारा पण मीच जोडल्यात.

आणि एक, जे पुस्तकात असतं पण हातात आल्यावर कळतं. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६० नॉटला टॅब जेवढं काम करतो त्याच्या चौपट १२० नॉटला करतो. त्यामुळे लँडिंगच्या वेळी बटण दाबून धरलं तरी काही होईना असं वाटतं, आणि क्रूझमध्ये, म्हणजे वर सरळ वेगात जाताना, नुसती टिचकी मारली तरी पोटात गोळा येतो. म्हणून सर्व्होचा वेग कमी करणारा एक छोटा सर्किट बोर्ड मिळतो तो मी लावलाय. पण मग लँडिंगला तो जास्तच सुस्त. दोन्हीकडे सुख नाही.

आता फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची खाली वळणारी पाती. फ्लॅप खाली केले की पंखाची वक्रता वाढते, कमी वेगात जास्त लिफ्ट (वर उचलणारा जोर) मिळते, स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत तो, खाली येतो. माझ्या विमानाचा फुल फ्लॅपचा स्टॉल ४५ नॉटच्या आसपास, त्याच्या १.३ पट म्हणजे अठ्ठावन्न-साडेअठ्ठावन्न, म्हणून अप्रोच, म्हणजे उतरायला येणं, ६० ला. पहिला टप्पा टाकला की लिफ्ट भरपूर मिळते आणि ड्रॅग (हवेचा विरोध) थोडा, शेवटच्या टप्प्यात लिफ्ट जेमतेम वाढते आणि ड्रॅग मात्र भरमसाट. तो ड्रॅग आपल्याला हवाच असतो, उतार तीव्र ठेवून वेग न वाढवता खाली येण्यासाठी. पण फ्लॅप टाकले की नाकही हलतं. पंखावरच्या लिफ्टचं केंद्र मागे सरकतं तेव्हा नाक खाली जाऊ पाहतं, दुसरीकडे पंखामागून खाली वाहणारी हवा शेपटीवर जास्त आदळते तेव्हा शेपूट दबून नाक वर जाऊ पाहतं. कोण जिंकतं ते त्या त्या विमानावर आहे. वर पंख असलेल्या बऱ्याच विमानांत नाक वर जातं, माझं खाली पंखवालं, त्यात नाक खाली जातं.

जातं म्हणजे किती? माझं तर असं जायचं की पुढून कोणी दोरी बांधून ओढतंय. फुल फ्लॅप टाकले की ट्रिम वर, वर, अजून वर, इंडिकेटरच्या एलईडींच्या पट्टीत शेवटचा दिवा लागायचा आणि तरी स्टिक ओढून धरावी लागायची. एकटी असले की आणखी, कारण शेजारची सीट आणि मागचा डिकीसारखा कप्पा रिकामा असला की वजन पुढे येतं. मी काय केलं असेल? सवय करून घेतली. अगदी खरं सांगते, पॅनेलवर पेन्सिलने बारीक खूण केली, शेवटच्या दिव्याच्या शेजारी, आणि तिच्याखाली लिहिलं ‘लँडिंग’. दुखऱ्या गुडघ्याने चालायची सवय होते ना, तसं.

मग एकदा फायनलवर, म्हणजे रनवेसमोरच्या शेवटच्या सरळ उतारावर असताना पुढचं विमान रनवेवरून बाहेर पडायला वेळ लावत होतं. गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. थ्रॉटल पूर्ण पुढे सारला आणि नाक उठलं. उठलं म्हणजे आकाशाकडेच निघालं, कारण ट्रिम सगळा नाक वर, फुल पॉवर, प्रोपेलरची हवा शेपटीवर, आणि मी ओढून धरायच्या सवयीत. या प्रकाराला एलिव्हेटर ट्रिम स्टॉल म्हणतात आणि तो मला उंचीवर नेऊन करून दाखवलेला होता, मी मान डोलावली होती, परीक्षेत लिहिलाही होता. आता दोन्ही हातांनी स्टिक पुढे ढकलत होते आणि डोळे वेगाच्या काट्यावर, ५८, ५५, ५३. तिथं थांबला. ढकलत ढकलतच अंगठ्याने ट्रिम खाली, तो सुस्त बोर्ड आपल्या लयीत चाललेला, एक एक दिवा सरकतोय, मग फ्लॅप एक टप्पा वर, मग श्वास. फ्लॅप एकदम वर घ्यायचे नाहीत एवढं तरी लक्षात राहिलं.

खाली उतरून मी ठरवलं की सर्व्हो बदलायचा, जास्त हालचालीचा घ्यायचा. तो बसवेपर्यंत टॅबच्या दांडीचं भोक बदलून पाहिलं, हॉर्नच्या, म्हणजे टॅबवर दांडी जोडायच्या खुंटाच्या, आतल्या भोकात लावलं म्हणजे टॅब जास्त फिरेल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आमच्या हँगरमध्ये एक वयस्कर गृहस्थ आहेत, तीन विमानं स्वतः बांधलेली, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. ते स्टुलावर बसून मी काय करतेय ते बराच वेळ बघत होते.

“काय गं, ट्रिमला कशाला छळतेयस?”

“पुरत नाही हो दादा. फुल फ्लॅपला शेवटच्या दिव्यापर्यंत जातो.”

“आणि फ्लॅप वर असताना? क्रूझमध्ये?”

“तेव्हा बरोबर मध्ये असतो.”

“एलिव्हेटर? तो शेपटीच्या पात्याच्या रेषेत असतो का, का वाकडा?”

“रेषेत.”

“मग ट्रिमचं काय चुकलंय?”

मी गप्प. क्रूझमध्ये एलिव्हेटर रेषेत नसता तर शेपटीच्या आडव्या पात्याचा कोनच चुकला असं म्हणता आलं असतं, त्याखाली पातळ पट्टी घालून लोक तो दुरुस्त करतातही. वजन कागदावर तीनदा मोजलेलं होतं. राहिले फ्लॅप.

दादा उठले, टॅब दोन बोटांत धरून हलकेच वरखाली केला आणि त्यांचा चेहरा बदलला. “हे काय?” टॅब खडखडत होता. जेमतेम, नखाएवढा, पण मोकळा. मी भोक बदलताना पिन नीट बसवलेली नव्हती. तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. ट्रिम टॅबमधला ढिलेपणा म्हणजे फ्लटरला आमंत्रण, जोरात जाताना तो टॅब थरथरायला लागला की सेकंदाच्या आत काहीही तुटू शकतं. १६ सप्टेंबर २०११ ला अमेरिकेतल्या रिनोच्या शर्यतीत एक बदल केलेलं पी-५१ मस्टँग असंच गेलं. डाव्या एलिव्हेटरच्या ट्रिम टॅबचे स्क्रू ढिले झालेले, कारण लॉकनट जुने, त्यांची पकड संपलेली. शर्यतीच्या वेगात टॅबला फ्लटर झाला, विमान इतक्या झटक्याने वर उठलं की पायलटची शुद्धच हरपली, आणि ते प्रेक्षकांजवळ येऊन आदळलं. पायलट धरून ११ माणसं गेली. माझं विमान त्याच्या निम्म्या वेगानेही जात नाही, हे मी बोलणार होते, पण तोंड उघडलं नाही. नवी पिन, नवा लॉकनट, आणि दांडी परत आपल्या मूळ भोकात. नव्या सर्व्होचा नाद तिथंच सुटला.

मग फ्लॅप मोजायला बसलो. डिजिटल लेव्हल नावाची एक डबी असते, पृष्ठभागावर ठेवली की अंश दाखवते. विमान जमिनीवर कसं उभं आहे याची काळजी नसते, फ्लॅप पूर्ण वर असताना डबी त्यावर ठेवून शून्य करायची, मग फ्लॅप खाली करून परत ठेवायची, जो आकडा येईल तो खरा. नकाशात फुल फ्लॅप ४० अंश. मी बांधताना नेमके ४० आले तिथं लिमिट स्विच (फ्लॅपला तिथंच थांबवणारा) पक्का केला होता, वहीत तारखेसकट नोंद आहे.

“कशी मोजली होतीस ते करून दाखव,” दादा म्हणाले.

मी फ्लॅप वर केले, डबी वरच्या पत्र्यावर ठेवली, शून्य केली. फ्लॅप खाली घेतले. आता वरच्या पत्र्यावर एवढ्या उतारावर डबी ठरेना, घसरायला लागली, बांधताना पण अशीच घसरली असणार, म्हणून मी जमिनीवर आडवी झाले आणि डबी खालून, फ्लॅपच्या पोटाला दाबून धरली. चाळीस. बघा, चाळीस.

दादा काही बोलले नाहीत. नुसते स्टुलावरून माझ्याकडे बघत राहिले, आणि मला दोन-तीन सेकंद लागले. फ्लॅप म्हणजे काही सपाट फळी नाही. पुढे जाड, मागे निमुळता, पाचरीसारखा. वरचा पत्रा आणि खालचा पत्रा एकमेकांना समांतर नसतातच. शून्य पाठीवर केलं आणि मोजलं पोटावर, म्हणजे पाचरीचा कोन मधल्यामध्ये गायब. मी तशीच पडल्या पडल्या हात लांब करून डबी वर नेली, दादांनी ती घसरू नये म्हणून बोटाने धरली, आणि आकडा वाचला. सत्तेचाळीस.

सात अंश जास्त. ४० तास. लिफ्टच्या बाबतीत त्या सात अंशांनी मला काही दिलं नव्हतं, नुसता ड्रॅग आणि नाकाला खाली ओढ, आणि ती ओढ ट्रिम बिचारा आपल्या शेवटच्या दिव्यापर्यंत जाऊन भरून काढत होता आणि मी त्यालाच शिव्या घालत होते. वहीतली ती नोंद मी खोडली नाही, बाजूला आजची तारीख घालून लिहिलं, पोटावर मोजले.

त्याच दुपारी अजून एक निघालं, फ्लॅप पूर्ण वर असताना उजवा फ्लॅप डाव्यापेक्षा जवळपास एक अंश खाली होता. मागच्या कडेला मोजलं तर अर्धा सेंटिमीटर पण धड नाही. पण तेवढ्याने उजव्या पंखाला थोडी जास्त लिफ्ट आणि विमान डावीकडे कलणार. मी ते इतके दिवस डाव्या टाकीतल्या पेट्रोलवर ढकलत होते. फ्लॅपच्या दांडीच्या टोकाला रॉड एन्ड, म्हणजे डोळ्यासारखं भोक असलेला आटेवाला तुकडा, असतो तो फिरवून लांबी बदलायची, पण डोळा परत त्याच दिशेला यायला हवा म्हणून अर्ध्या फेऱ्याच्या खाली बदल करताच येत नाही. जॅम नट सोडला, अर्धा फेरा, बघितलं, अजून अर्धा फेरा. दांडीतल्या तपासणीच्या भोकात सुई घालून पाहिली, आटे पुरेसे आत आहेत ना, सुई अडली म्हणजे आहेत. जॅम नट आवळला, वर लाल लाखेची रेघ ओढली, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा उठायच्या आत, ३,००० फुटांवर गेले. पहिला टप्पा, दुसरा, फुल. नाक खाली गेलं, पण आपलं सभ्यपणे. ६० नॉट धरले, थांबले, वेग स्थिर झाला, मग ट्रिम. शेवटून तिसऱ्या दिव्यावर हातातला दाब गेला. एकटी होते, कप्पा रिकामा, म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थितीत. स्टॉल करून पाहिला, आधीपेक्षा जेमतेम एखादा नॉट वर, तो पण काटा नीट वाचला असेन तर. मग त्याच ट्रिमवर फुल पॉवर दिली, यावेळी मुद्दाम. नाक उठलं, एका हाताने दाबलं, दबलं. तोटा एकच झाला, अप्रोचचा उतार आता तेवढा तीव्र येत नाही, पहिल्या दोन-तीन लँडिंगला मी रनवेवर लांब जाऊन टेकले आणि दादांनी हँगरच्या दारातून हातवारे केले ते चांगले नव्हते.

पेन्सिलची ती ‘लँडिंग’ची खूण पुसलीये. नवीन केली नाही, कारण सोबत कोणी असलं की दिवा एक घर इकडे, टाकी रिकामी होत आली की अजून थोडा इकडे, दर वेळी तो वेगळाच असतो आणि आता मी तो वाचते. डबीवर मात्र मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘एकाच अंगावर’.

आणि हात सोडायची खोड आहेच. काल क्रूझमध्ये सोडला. नाक जागचं हललं नाही. मी मनात आकडे मोजत होते, वीस-बावीसपर्यंत सगळं ठीक, मग डावा पंख हळूच, अगदी हळूच खाली जायला लागला. उजव्या फ्लॅपचा अजून थोडा फरक उरलाय. पण आणखी अर्धा फेरा दिला तर बहुतेक उलट्या बाजूला जाईल, आणि लाल रेघ तोडावी लागेल ती वेगळीच. टाळतेय सध्या.